शॅरनच्या बदल्यात

इथे जानेवारीत जमिनीतून काहीच उगवत नाही, म्हणून बहुधा माणसं याद्या काढतात. गेल्या आठवड्यात अशीच एक यादी आली. अमेरिकेत बायकांच्या सॉकरची नवी लीग निघते आहे आणि कुठली खेळाडू कुठल्या टीमला, याचं वाटप जाहीर झालं. वाटप हा शब्द माझा. त्यांचा शब्द 'अ‍ॅलोकेशन', आणि तो ते फार गंभीर चेहऱ्याने उच्चारतात. मला मात्र तो ऐकला की महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांच्या हातांवर टेकवलेली तिळगुळाची पाकिटं आठवतात. घ्या, सरका पुढे, पुढचे या.

ऑफिसच्या खिडकीतून खाली रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ फेकणारा ट्रक दिसत होता. मी टोरोंटोच्या नॉर्थ यॉर्कमध्ये बाराव्या मजल्यावर बसते आणि माणसांना 'रिसोर्स' म्हणणाऱ्या विभागात काम करते, तेव्हा याद्यांची मला सवय असायला हवी. ही यादी मी शेवटपर्यंत वाचली आणि तोंडात मिठाची चव आली. जानेवारीत इथे बुटांवर पांढऱ्या रेघा उमटतात. कितीही पुसल्या तरी वाळल्यावर पुन्हा वर येतात. तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी माझ्या डोक्यात तसाच आहे.

तो सगळा हिवाळा मला वासांनी आठवतो. सगळ्यात आधी डोमचा वास. मिसिसागात विमानतळाकडे जाताना हवेने फुगवलेला एक पांढरा अवाढव्य तंबू आहे. फिरत्या दारातून आत शिरलं की कानांत दडे बसतात. आत खोटं हिरवं गवत असतं, आणि त्यात काळ्या रबराचा चुरा. टायर जळाल्यासारखा, पण थंड वास. शॅरन दुपारी तिथे लहान मुलींना शिकवायची आणि संध्याकाळी एकटीच पळायची. ती उठली की जागेवर चुरा राहायचा. माझ्या गाडीत, तिच्या बेसमेंटच्या पायऱ्यांवर, एकदा तर चर्चच्या बाकावर. जसिंता आंटींनी, म्हणजे तिच्या आईने, तो रुमालात गोळा केला आणि मागे वळून लोकांकडे असं पाहिलं की जणू सांडलेलं केशर उचललं.

शॅरन आणि मी हायस्कूलपासूनच्या. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतून आलेली. इंग्रजी व्याकरण इथल्या पोरांपेक्षा चांगलं, पण उच्चारांना दोनदा हसल्यावर मी वर्गात बोलणंच थांबवलं. एक दिवस लॉकर उघडेना, तेव्हा मी स्वतःशीच 'शी बाई' म्हणाले. मागून आवाज आला, "शी बाई? सिरियसली?" ती शॅरन. सहाव्या वर्षी वसईहून आलेली, मराठी समजणारी, उत्तर इंग्रजीत देणारी. तेव्हापासून आमच्या दोघींत बोलायचं काम तिचं आणि बघायचं काम माझं.

मी तिचे सामने बघत आले. ती गोल करायची नाही. गोलच्या आधीचा पास दुसरी कुणी द्यायची, आणि त्याच्याही आधीचा शॅरन. मैदानाच्या मधोमध ती अशी उभी असायची की समोरच्या टीमला नेहमी चुकीच्याच बाजूने जावंसं वाटायचं. असलं काम आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही. तक्ता बघून सॉकर समजतं असं मानणाऱ्यांबद्दल माझं मत तेव्हाही वाईट होतं. आता तर त्यांच्यासोबत नोकरी करते.

अमेरिकेतल्या तेव्हाच्या लीगमध्ये पूर्वेकडच्या एका टीममध्ये तिने एक सीझन काढला होता. शरद ऋतूत घरी निघताना कोचने तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "तू आमच्या प्लॅनमध्ये आहेस." हे वाक्य तिने घरी आणलं आणि घरच्यांनी ते ख्रिसमसभर पाहुण्यांना वाढलं. इकडे कम्युनिटी सेंटरमध्ये तिला पर्मनंट नोकरी देऊ केली होती. खेळांच्या वर्गांची देखरेख, पेन्शन, शिवाय डेंटल, म्हणजे दातांचा विमा. होय-नाही शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. तिचे वडील विल्फ्रेड अंकल विमानतळावर कार्गोत पेट्या चढवायचे आणि 'पर्मनंट' हा शब्द ते देवाच्या नावासारखा, थोडं थांबून उच्चारायचे. शॅरन सांगायची, थांबा, ड्राफ्ट होऊन जाऊ दे, टीमचा फोन येईल, मग नोकरीला नाही म्हणते.

ड्राफ्टच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे त्यांच्या बेसमेंटमध्ये होतो. लीगच्या वेबसाइटवर दर काही मिनिटांनी एक नवी ओळ यायची आणि ती वाचायचं काम माझ्याकडे होतं, कारण लॅपटॉप माझा होता. टेबलावर वसईहून आलेली सुकेळी, म्हणजे सोलून वाळवलेली केळी, चहा, आणि सोफ्यावर मधोमध सुहासकाका. हे आमचे शेजारी. सॉफ्टवेअरमध्ये आहेत. माझी गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून मला सोडायला आले आणि शॅरनचा एकही सामना न बघता तज्ज्ञ म्हणून बसले.

"म्हणजे नेमकं चाललंय काय, ते सांग तरी," आंटी म्हणाल्या.

चारचौघांत बोलायचं म्हणजे माझे तळहात ओले होतात. मराठीत समजावायचं म्हणजे तर जास्तच. मी स्क्रीनकडे बघत सुरुवात केली. "कॉलेजांमधून नव्या मुली येतात. टीम्स पाळीपाळीने एकेक मुलगी निवडतात. ज्यांची पाळी आधी, त्यांना चांगली खेळाडू मिळते. म्हणून मग एखादी टीम दुसरीला म्हणते, तुमची पहिली पाळी आम्हाला द्या आणि बदल्यात आमची ही मुलगी घ्या."

सुहासकाका खोकले आणि फर्नेसच्या पाइपाचं निरीक्षण करू लागले. अंकलनी एक सुकेळं उचललं आणि ते सोलायचं नसतं हे विसरून सोलायला लागले. मी काय बोलले ते मला तेव्हा कळलं, आणि शॅरनला, तिचं मराठी जरा उशिरा पोहोचत असल्यामुळे, माझ्यानंतर.

"ओह माय गॉड. केतकी! फर्स्ट पाळी ट्रेड करतात?" ती जमिनीवर आडवी झाली.

"माझी केव्हाच थांबली गं," आंटी चहा ओतत म्हणाल्या, "नाहीतर दिली असती बिचाऱ्यांना."

त्या हसण्यातच मी पान पुन्हा लोड केलं, आणि वर एक नवी ओळ आली होती. शॅरनचं नाव होतं. आडनावात एक अक्षर कमी. ती पश्चिम किनाऱ्यावरच्या टीमकडे, बदल्यात फ्यूचर कन्सिडरेशन्स. मी वाचलं. असल्या बातम्या मोठ्याने सांगणारी माणसं वेगळी असतात. शॅरनने माझ्या तोंडाकडे पाहिलं, उठली आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवला. तिच्या केसांत कार्पेटचा एक धागा अडकला होता. तो काढावा असं मला वाटत राहिलं.

"ट्रेड झाली?" सुहासकाका पुढे सरकले. "अरे वा! म्हणजे डिमांड आहे. आपल्याकडे क्रिकेटच्या लिलावात बघ ना."

"काका, प्लीज," मी म्हणाले. त्यांना ऐकूच गेलं नाही. माझा आवाजच तसा.

"बदल्यात कोण आली?" अंकलनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी ते दोन शब्द वाचून दाखवले.

"ती कुठली?" आंटी म्हणाल्या. "आफ्रिकेची का?"

"नाही आंटी. कोणीच नाही. म्हणजे... शॅरन त्यांनी आत्ता घेतली. बदल्यात काय द्यायचं ते पुढे बघू, असं."

माझं भाषांतर चुकलंय असं वाटून आंटींनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"आमच्या दारावर बोहारीण यायची. जुन्या लुगड्यावर पातेलं द्यायची. तासभर घासाघीस. लुगडं उन्हात धरायची, विरलंय म्हणायची, काठ फाटलाय म्हणायची. पण पातेलं आईच्या हातात दिल्याशिवाय लुगडं उचलायची नाही. पुढे बघू म्हणाली असती ना, तर आईने पायरीवरून खाली ढकलली असती."

बोहारीण मी कधी पाहिली नव्हती. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत वॉचमन असल्या बायकांना आत सोडत नसे. नंतर आंटींकडून सगळं नीट विचारून घेतलं, आणि तेव्हापासून लीगचे मॅनेजर, सूट घातलेले, कानाला फोन लावलेले, हॉटेलच्या हॉलमध्ये या टेबलावरून त्या टेबलावर जाणारे, मला डोक्यावर टोपली घेतल्याशिवाय दिसतच नाहीत. पण हा बोहारणीचा अपमान झाला. ती निदान कापड हातात घेऊन बघायची.

एक गोष्ट मला त्या दुपारची अजून खुपते. पाळी या शब्दाने त्या खोलीतल्या दोन मोठ्या पुरुषांना कुठे बघावं ते कळेना. पाइप, सुकेळी, छत, सगळीकडे नजर गेली. आणि पाच मिनिटांनी एका मुलीला न विचारता, न कळवता, कशाच्याही बदल्यात नाही अशी देऊन टाकल्याचं कळलं, तेव्हा त्यातला एक जण वा म्हणाला. विल्फ्रेड अंकलबद्दल मी हे म्हणत नाही. ते हातातल्या सुकेळ्याकडे बघत होते. त्यांच्या कार्गोत एक पेटी जरी इकडची तिकडे गेली तरी कोणाची तरी सही लागायची.

कोचचा फोन आला तेव्हा बाहेर अंधारायला लागलं होतं. तोवर वेबसाइटवर चौथी फेरी संपली होती. शॅरनने फोन स्पीकरवर टाकला.

"हाय किडो. तुला माझ्याकडून कळावं अशी माझी इच्छा होती."

"मला वेबसाइटवरून कळलं."

"राइट. हे बघ, हा बिझनेस आहे. पर्सनल काही नाही. तुझ्यासाठी फार मोठी संधी आहे."

"त्यांना मी हवी आहे का?"

पलीकडे कुणीतरी मोठ्याने हसत होतं, ग्लासांचा आवाज येत होता. "ते तुझ्याबद्दल एक्सायटेड आहेत," तो म्हणाला. असल्या वाक्यांत कधी एक माणूस असतो का, हे मी तेव्हापासून तपासत आले आहे. नसतो. कोणीतरी 'ते' असतात आणि ते नेहमी एक्सायटेड असतात.

घरी गेल्यावर आईने पोळी लाटता लाटता विचारलं, "मग? शॅरनला कुठे दिली?"

मी तिच्यावर ओरडले. मी कधी ओरडत नाही, म्हणून तिच्या हातातलं लाटणं थांबलं. "अगं, मी सहज विचारलं," ती म्हणाली. खरंच सहज विचारलं होतं. मुलगी कुठे दिली, हे आपल्याकडे सहजच विचारतात. त्याच आठवड्यात तिने माझा फोटो आणि माहिती लग्नाच्या एका वेबसाइटवर चढवली होती आणि एका मुलाकडून 'बघून कळवतो' असं उत्तर आलं होतं. पण त्या मुलाला निदान मी नाही म्हणू शकत होते. शॅरनच्या हातात होय-नाही काहीच नव्हतं. तिचे 'हक्क' तिकडे गेले होते आणि खेळायचं असेल तर हक्कांच्या मागोमाग तिने जायचं होतं.

शुक्रवार दोन दिवसांवर आला होता. बुधवारी संध्याकाळी मी तिला डोममधून आणायला गेले. ती गोलच्या आडव्या खांबावर, एकाच जागेवर, पुन्हा पुन्हा बॉल मारत होती. ठण्ण. ठण्ण. मी कडेच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने ती येऊन शेजारी बसली आणि बूट काढून उलटे केले. काळा चुरा दोघींच्या मधे पडला.

"मी काय करू?" तिने विचारलं. मराठीत विचारलं. हे फार क्वचित व्हायचं.

मला उत्तर माहीत होतं. दोन उत्तरं माहीत होती आणि दोन्हींना कारणं होती. जाऊ नकोस, तिकडे तू कोणालाच नको आहेस. किंवा, जा, कारण तुझ्याइतकं चांगलं मधोमध उभं राहायला मी कोणालाही पाहिलेलं नाही. यातलं एक तरी बोलायचं होतं.

"तुला काय वाटतं?" मी म्हणाले.

ती हसली नाही. मान हलवून बूट पिशवीत टाकले. त्या कोचबद्दल, त्या मॅनेजरांबद्दल, सुहासकाकांबद्दल माझ्या मनात जेवढा तिरस्कार आहे, तेवढाच त्या तीन शब्दांबद्दल आहे. असा प्रश्न विचारणारी माणसं समंजस दिसतात. मी आयुष्यभर समंजस दिसत आले आहे. माझं मत मागितलं की मी ते समोरच्याच्या हातात परत ठेवते, आणि लोक म्हणतात, किती शांत मुलगी आहे.

शुक्रवारी तिने कम्युनिटी सेंटरला नाही कळवलं. आंटी आतल्या खोलीत गेल्या. अंकल जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

"पर्मनंट सोडतं का कोणी, बाय?"

"तुम्ही वाडी सोडून आलातच ना, डॅडी."

"मी पोरांसाठी आलो."

"आय नो. आणि मी खेळायला जाते."

ती गेली. पश्चिमेकडे फेब्रुवारीत ऊन असतं असे फोटो तिने पाठवले. तिकडच्या टीमने तिला बहुतेक वेळ बाकावर बसवलं आणि सामन्याच्या शेवटी शेवटी, सगळं ठरून गेल्यावर, आत सोडलं. मी ते तुकडे इंटरनेटवर शोधून बघायची. तेवढ्या मिनिटांतही समोरची टीम चुकीच्या बाजूने जायची. सीझन संपला आणि ती टीम बंद पडली. तिथल्या मुली बाकीच्या टीम्सनी वाटून घेतल्या. शॅरनला कोणी घेतलं नाही. पुढे एक सीझन कशीबशी चालून लीगही मिटली. तिच्या बदल्यात जे काही पुढे बघायचं होतं ते बघायच्या आधीच दुकानाला कुलूप लागलं. तिच्या नावापुढची ती जागा कायमची रिकामी राहिली. मला हे विनोदी वाटावं इतका राग आला होता.

ती परत आली, पुन्हा बेसमेंटमध्ये, पुन्हा डोममध्ये. कम्युनिटी सेंटरमधली जागा दुसऱ्या कोणालातरी मिळाली होती. शॅरन तिथेच आता तासांवर काम करते, डेंटलशिवाय. गेल्या उन्हाळ्यात ऑलिम्पिकमध्ये कॅनडाच्या मुलींनी ब्राँझ आणलं, तेव्हा सुहासकाका लाल जर्सी घालून ग्रोसरीला जात होते आणि सगळ्यांना सांगत होते, "आमच्या ओळखीची एक मुलगी यांच्यासोबत खेळायची, बरं का." सगळा देश अचानक बायकांच्या सॉकरचा जुना चाहता निघाला. ऑफिसात ज्यांना ऑफसाइड माहीत नाही ते रेफ्रीवर चिडत होते. मी कॉफीचा कप घेऊन माझ्या खुर्चीवर परत आले.

आणि आता ही नवी लीग, नवं वाटप. यादी आली त्या संध्याकाळी मी शॅरनकडे गेले. मनात एक भाषण तयार करून गेले होते. मला खात्री होती की आम्ही दोघी मिळून त्या यादीला यथेच्छ नावं ठेवू. नाव बदललेलं तेच दुकान, तेच टाय, तेच 'हक्क', तेच 'आम्ही एक्सायटेड आहोत'. तीन वर्षांचा साठा होता माझ्याकडे.

ती पलंगावर फोन घेऊन बसली होती. यादी वाचत होती. मला बघून सरकली आणि जागा दिली. यादी संपली तसं तिने बोटाने वर ढकलून ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. एकेका नावावर थांबत होती, जसं काही पहिल्यांदा वाचताना एखादं नाव डोळ्यांतून सुटलं असावं. तिचं नाव त्यात नव्हतं हे मी दुपारीच पाहिलं होतं. असणारही नव्हतं. हे तिलाही माहीत होतं. तरी ती वाचत होती.

माझं भाषण मनातच राहिलं. इतकी वर्षं मी तिच्या वतीने तिरस्कार करत होते आणि तिने मला तसं कधी सांगितलंच नव्हतं.

"तुला अजून जायचंय," मी म्हणाले.

"अगं, मला खेळायचंय," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी मला कोणाच्याही बदल्यात देऊ दे त्यांना. नुसत्या पिझ्झाच्या बदल्यात देऊ दे. आय डोंट केअर."

"मला राग येतो."

"माहितेय. तुझं तोंड असं होतं." तिने ओठ आवळून, भुवया वर करून दाखवलं. त्या नकलेत मी माझ्या आईसारखी दिसत होते.

मग तिने फोनवर दुसरं पान उघडून माझ्यासमोर धरलं. सरोवराच्या पलीकडे, सीमा ओलांडून अडीच-तीन तासांवर, नव्या टीमची ओपन ट्रायआउट होती. शनिवारी सकाळी आठला. कोणीही यावं, बूट आपले आणावेत, पाठीवर नंबर ते देतील. शंभर-दीडशे मुली येतील आणि त्यांतल्या एक-दोन ठेवतील. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की निवडलेल्या खेळाडूचे हक्क टीमकडे राहतील.

"डॅडींची शिफ्ट आहे," ती म्हणाली. "बर्फ सांगितलाय." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "तुझ्या गाडीला विंटर टायर आहेत का?"

"आहेत," मी म्हणाले.

नव्हते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं, गॅरेजच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर सकाळी सातपासून बसले, आणि चारही बदलून घेतले.